आरंभशूर आणि औंधचा राजा

आमच्या घरात ‘आरंभशूर’ हा शब्द आईसाठी राखीव होता. माझ्या लहानपणी तिनं तीनदा सकाळी चालायला जायला सुरुवात केली. पहिल्यांदा मी चौथीत होते. तिनं पांढरे कॅनव्हासचे बूट आणले, साडीवर ते बूट घालून ती साडेपाचला बाहेर पडायची आणि सव्वासहाला परत येऊन डब्याच्या पोळ्यांना लागायची. अठराव्या दिवशी बाबांच्या आईला न्यूमोनिया झाला आणि बूट पलंगाखाली गेले. दुसऱ्यांदा माझी दहावी आडवी आली. तिसऱ्यांदा तिचा गुडघा. दर वेळी बाबा चहाचा कप हातात घेऊन म्हणायचे, “संपली का मोहीम? आमची आरंभशूर!” ते हसायचे, मीही हसायचे. आईसुद्धा हसायची.

आईला ४६व्या वर्षी मधुमेह निघाला, ५८व्या वर्षी इन्सुलिन सुरू झालं. मागच्या वर्षी तिच्या डाव्या पायाच्या करंगळीला साधी चप्पल लागली आणि ती जखम अडीच महिने भरेना. रोज रात्री ड्रेसिंग माझ्याकडे होतं. गॉज उचलताना ती दुसरीकडे बघायची, आणि मला उगाचच ते पलंगाखालचे बूट आठवायचे.

त्याच सुमारास माझाही रिपोर्ट आला. वय ३४, उंची ५ फूट २ इंच, वजन ७८ किलो, एचबीए१सी ६.१. डॉक्टर म्हणाले, “काठावर आहात.” काठावरून मागे यायचे उपाय मी आधीच करून बसले होते. तीन वेगवेगळ्या जिमची वर्षाची फी भरली होती, त्यांतल्या एकीही ठिकाणी माझा दुसरा महिना उजाडला नाही. फोनमध्ये पावलं मोजणारं अ‍ॅप होतं, जे रात्री दहाला ‘फक्त ६,२०० पावलं बाकी’ असं कळवून माझी झोप घालवायचं. (त्या १०,००० आकड्याचा उगम कळल्यावर मी ते अ‍ॅप उडवलं. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचं मापक’. नाव आधी ठेवलं गेलं, अभ्यास नंतर झाले.)

मी इतिहासात एम.ए. केलंय. नोकरी वेगळीच करते, पण सवय गेलेली नाही. भीती वाटली की मी जुने कागद शोधते. मला हवा होता असा एखादा माणूस ज्यानं व्यायाम सुरू केला आणि सोडला नाही. संत, साधू, पैलवान नको होते. व्यायाम हा ज्यांचा धंदा किंवा धर्म, त्यांचं मला काही कौतुक नाही. ज्याला दुसरी कामं आहेत, ज्याला लोळायची सोय आहे, असा माणूस हवा होता. असा माणूस सापडला तो औंधचा राजा.

‘औंध सूर्यनमस्कार’ असं शोधलं तर फोन आधी पुण्यातलं औंध दाखवतो. काचेच्या भिंतींची स्टुडिओ, महिन्याचे पाच हजार, पहिला क्लास फुकट. मला हवं होतं ते औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. यमाईचं देवस्थान, टेकडीवर एक चकित करणारं संग्रहालय आणि बाकी दुष्काळी माळ. पूर्वी ते एक संस्थान होतं, आणि संस्थान म्हणजे सलग प्रदेश असंही नव्हे. इकडे औंध, तिकडे कुंडल, पलीकडे आटपाडी, अशी तुकड्यातुकड्यांची चादर. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे तिथले राजे. जन्म १८६८, गादीवर आले १९०९ साली, वारले १९५१ साली. चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी आधार दिला, किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळ दिला, आणि १९३९च्या सुमारास गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. इतकी कामं असलेला माणूस व्यायाम चुकवू शकला असता. कुणी विचारलंही नसतं.

त्यांची व्यायामाची सुरुवात माझ्या सुरुवातीसारखीच झाली, म्हणजे सामान विकत घेऊन. १८९७ साली त्यांनी यूजिन सँडोची पुस्तकं आणि साधनं मागवली. सँडो म्हणजे त्या काळचा जगातला सर्वांत प्रसिद्ध पिळदार देह. जन्मानं प्रशियातला, धंद्यानं लंडनचा. रंगमंचावर स्नायू दाखवायचा आणि डंबेल्स नि स्प्रिंगची यंत्रं विकायचा. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानातही दौरा करून गेला. आपल्याकडे त्याची आठवण दुसऱ्याच रूपात उरली आहे. बिनबाह्यांच्या बनियनला आपण अजून ‘सँडो’ म्हणतो.

तर भवानराव घरपोच जिमचे ग्राहक होते. फरक एवढाच की माझ्या घरी आलेला योगा मॅट तिसऱ्या आठवड्यात पापड वाळत घालायला गेला, आणि ते सँडोच्या पद्धतीनं दहा वर्षं व्यायाम करत राहिले. दहा वर्षं! नंतर, १९०८ साली, मिरजेच्या राजांच्या सांगण्यावरून त्यांनी सूर्यनमस्कार धरले, आणि मग ते सोडलेच नाहीत. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले तेव्हा त्यांचं वय ६७ होतं. लंडनमधल्या ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्राच्या लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांना पाहिलं, त्यांच्यावर लिहिलं, आणि १९३८ साली दोघांच्या खटपटीतून लंडनहून एक पुस्तक निघालं, ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’. दहा कशाचे, तर नमस्काराच्या त्यांच्या पद्धतीतल्या दहा स्थितींचे. आज पाश्चात्त्य देशांत योगाच्या वर्गात जे ‘सन सॅल्युटेशन’ चालतं, त्याच्या वंशावळीत या खटाव तालुक्यातल्या राजाचं नाव बरंच वर आहे.

मला मात्र त्या पुस्तकापेक्षा एका साध्या गोष्टीनं अडवलं. दहा वर्षं अंगवळणी पडलेलं सोडून या माणसानं नमस्कार का धरले असतील? सँडो वाईट नव्हता, राजांनी त्याचे फायदेही मान्य केले होते. पण नमस्काराला यंत्र लागत नाही, यंत्राची खोली लागत नाही, जोडीदार लागत नाही. साडेपाच-सहा फूट जमीन पुरते. त्याला आधीपासूनच एक वेळ ठरलेली आहे, सकाळची. एक मोजणीही ठरलेली आहे, सूर्याच्या बारा नावांची. मित्राय, रवये, सूर्याय… नावं संपली की फेरी संपली. ‘आज किती करू?’ हा प्रश्नच येत नाही. माझ्या जिममध्ये रोज सकाळी किमान सहा निर्णय घ्यावे लागायचे. जायचं का, कधी, काय घालून, आज पाय की हात, किती वजन, किती वेळ. चौथ्या निर्णयापर्यंत मी परत पांघरुणात असायचे.

राजांनी आपल्या घरातल्या सगळ्यांना यात ओढलं, राणीसाहेबांसकट. त्यांचा मुलगा अप्पा पंत पुढे भारताचा प्रतिनिधी म्हणून देशोदेशी फिरला, त्यानंही उतारवयात सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिलं. आणि राजांनी संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे केले. मुलांना आणि मुलींनाही.

इथे मला थांबावं लागलं, कारण माझी आजी, म्हणजे आईची आई, आटपाडीची होती. जन्म १९३१. शाळा चौथीपर्यंत.

आजीला जाऊन सहा वर्षं झाली. ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा ७५ची होती. जेवायला जमिनीवर मांडी घालून बसायची आणि उठताना हात टेकायची नाही. आई, जी तिच्यापेक्षा चोवीस वर्षांनी लहान, ती टेबलाला धरून उठायची. सकाळी अंघोळीनंतर आजी गॅलरीत जायची आणि पदर खोचून नमस्कार घालायची. पूर्ण दंडवतापर्यंत, खाली नि वर. तिच्याजवळ दोन वाट्या होत्या. एकीत २५ चिंचोके. एक नमस्कार झाला की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. आम्हाला वाटायचं हा देवधर्म आहे. मी एकदा तिला विचारलं होतं, “आजी, हे कुठल्या देवाचं?” ती म्हणाली, “देवाचं न्हाई, शाळंचं हाय.” मला वाटलं, तिला प्रश्न कळला नाही.

आता कळलं की उत्तर बरोबर होतं. ‘राजा तपासणीला यायचा’ असंही ती सांगायची, तेव्हा ती मला म्हातारपणाची गोष्ट वाटली होती. एका आटपाडीच्या मुलीला सहाव्या-सातव्या वर्षी रांगेत उभं करून जे शिकवलं ते तिनं ८४व्या वर्षापर्यंत केलं. मधल्या काळात लग्न, सहा बाळंतपणं, दोन मुलांचे मृत्यू, आटपाडीचे दुष्काळ. या सगळ्यांतून ते टिकलं की मधे सुटून पुन्हा धरलं गेलं, हे विचारायला आता कुणी नाही.

सक्तीचं मला कौतुक करायचं नाहीये. माझ्याही शाळेत शनिवारी सामुदायिक कवायत सक्तीची होती, आणि तिनं मला व्यायामाचा जो काही तिटकारा शिकवला तो अजून पुरतोय. राजानं हुकूम काढला आणि प्रजा निरोगी झाली, असं लिहिणारे लेख वाचले की मला हसू येतं. त्याच आटपाडीत पोटभर भाकरी मिळणं ही त्याहून मोठी बातमी होती. पण आजीच्या बाबतीत एक गोष्ट खरी. तिला नमस्कार ‘सुरू करावे’ लागले नाहीत. ते दात घासण्यासारखे तिच्यात आधीच होते. आईला मात्र प्रत्येक वेळी शून्यापासून, स्वतःच्या हिमतीवर, घरातल्या सगळ्यांच्या वेळेतून वेळ चोरून आरंभ करावा लागला. आरंभशूर कोण म्हणायचं, हेही एकदा बघायला हवं. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीराला दिलं, ते वर्ष नापास होऊन गमावलं आणि पुढे आयुष्यभर त्या शरीरावर तुरुंग सोसले, ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो. मोठी गोष्ट आहे. पण वर्ष गमावायची मुभा असलेल्याची आहे. आईला अठरा दिवसांच्या वर मुभा मिळाली नाही.

आजीचं सगळं खरं असलं तरी एक अडचण होतीच. आजीला वजन कमी करायचं नव्हतं. ती आयुष्यभर ४५ किलोच्या आतबाहेर होती. मला १५ किलो उतरवायचे होते. आणि जुन्या कागदांत शोधायला लागल्यावर लक्षात आलं की आपल्या व्यायामाच्या इतिहासात ‘उतरवणं’ जवळपास नाहीच. तिथे सगळी भाषा मिळवण्याची आहे. शरीर ‘कमावतात’. तब्येत ‘करतात’. खाल्लेलं ‘अंगी लागतं’. कोल्हापूरच्या मोतीबाग किंवा गंगावेश तालमीत पोरगा ठेवायचा तो दूध, तूप, बदामाची थंडाई पचवून त्याचं अंग भरावं म्हणून. उलट्या बाजूचे शब्द बघा. ‘सुकली’, ‘वाळली’, ‘खंगली’, ‘उतरली’. सगळे काळजीचे. माझ्या एका मावशीनं माझं दोन किलो वजन घटल्यावर आईला बाजूला घेऊन विचारलं होतं, “सगळं ठीक आहे ना तिचं?”

याचं कारण शोधायला फार खोल जावं लागत नाही. १८७६-७८चा दुष्काळ, १८९६-९७चा दुष्काळ, त्याच्याच जोडीला प्लेग, १८९९-१९००चा दुष्काळ. महाराष्ट्रातल्या आधुनिक व्यायामाच्या संस्था त्याच्या पाठोपाठच्या पिढीनं उभ्या केल्या. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४चं, दादरचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५चं. या लोकांसमोरचं शरीर उपाशी, आजारी आणि परक्या सत्तेखाली वाकलेलं होतं. त्याला भरायचं होतं. बडोद्यात तर दत्तात्रय चिंतामण मजुमदारांनी मराठीत दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश काढला. मी त्याचे खंड चाळले ते ‘वजन घटवण्याचे उपाय’ असं काही सापडतंय का म्हणून, आणि दंड, बैठका, मल्लखांब, लाठी यांच्या चित्रांत तासन्‌तास हरवले.

मातीतल्या कुस्तीत वजनाचा आकडासुद्धा पूर्वी गौण होता. जोड नजरेनं लावायची. ‘तोलामोलाचा’ हा शब्द आहे खरा, पण तोल काट्यावर करत नसत. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना काटा भेटला तो ऑलिंपिकमध्ये. १९४८ साली लंडनला ते ५२ किलोच्या गटात खेळले आणि सहावे आले, १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात कांस्यपदक मिळवलं. तिथे अर्ध्या किलोनं माणूस गटाबाहेर जातो. पण तोही काटा पैलवानाचा. त्याला लढायचं असतं, आणि लढत संपली की तो जेवतो.

वजन उतरवण्याच्या इतिहासाचा नायक शोधायला मग लंडनलाच जावं लागतं, आणि तो पैलवान नाही, अंत्यविधीचं सामान पुरवणारा व्यापारी आहे. विल्यम बँटिंग. १८६३ साली त्यानं स्वतःच्या लठ्ठपणावर एक छोटी पुस्तिका छापली. उंची ५ फूट ५ इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे जवळपास ९२ किलो. बुटाची नाडी बांधता यायची नाही, जिना उलटा उतरायला लागायचा. पुस्तिकेतला मला सगळ्यांत आवडलेला भाग असा, की त्याला डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितलं होतं. त्यानं रोज सकाळी होडी वल्हवायला सुरुवात केली. हात मजबूत झाले आणि भूक अशी काही खवळली की वजन वाढलं. तेच डॉक्टर म्हणाले, वल्हवणं बंद करा. शेवटी एका कानाच्या डॉक्टरनं त्याचा पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे काढून घेतले, तेव्हा वर्षभरात ४६ पौंड उतरले. स्वीडिश भाषेत ‘डाएट करणं’ याला अजूनही या माणसाच्या नावावरून ‘बांटा’ असं क्रियापद आहे.

जिमहून येताना मी वडापाव खायचे. बँटिंग वाचताना मला प्रथमच त्याची लाज वाटली नाही. होडीवाल्या बँटिंगला लागली तीच भूक होती ती. व्यायाम आणि वजन ही दोन वेगळी खाती आहेत आणि मी एका खात्यात पैसे भरून दुसऱ्या खात्याचं पासबुक तपासत होते. २१ दिवस घाम गाळायचा, काट्यावर उभं राहायचं, ३०० ग्रॅम कमी, किंवा ५०० ग्रॅम जास्त. मग कशाला जायचं? आणि न जाण्यानं जे नुकसान व्हायचं ते काट्यावर दिसतच नव्हतं.

ते कुठे दिसतं, याची एक फार सुंदर नोंद लंडनच्या बसमध्ये आहे. जेरेमी मॉरिस या डॉक्टरनं १९५३ साली दाखवलं की दुमजली बसच्या ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढतोय उतरतोय. कंडक्टरांपैकी कुणीही व्यायामाचा संकल्प सोडला नव्हता. त्यांचा जिना नोकरीतच होता, जसा आजीचा नमस्कार शाळेत होता.

आणि मग आपल्या पुण्यातली गोष्ट. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा जोडफोटो छापला. दोघेही दिसायला बारीक. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं सरासरी साडेतीन किलोची, आपली २.७ किलोची, स्नायू कमी, पोट-यकृत लहान, पण चरबी मात्र त्या मानानं जपून ठेवलेली. आईच्या पोटात कमी मिळालं की शरीर साठवायला शिकून येतं, असा त्यामागचा विचार आहे.

हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. आई जन्मली तेव्हा आजी चोवीस वर्षांची, आटपाडीत, ४५ किलोची. आई किती वजनाची जन्मली ते कुणी मोजलं नव्हतं. ‘एवढीशी होती, कापसात ठेवली’ एवढंच आजी सांगायची. माझ्या आईच्या मधुमेहाचा हिशेब आम्ही तिच्या पलंगाखालच्या बुटांपासून सुरू करत होतो. तो कदाचित त्या कापसापासून सुरू करायला हवा होता. बुटांना काही अर्थ नव्हता असं नाही. ती रोज चालू शकली असती तर साखर थोडी उशिरा आली असती, बहुधा. पण ती आळशी होती म्हणून आली, हे जे आमच्या घरात हसत-हसत वीस वर्षं बोललं गेलं, ते खोटं होतं.

मी हे तिला सांगितलं. भाजी निवडत होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुझे बाबा असताना सांगायला हवं होतंस.”

आता माझं. मी चौथी जिम लावली नाही. काटा माळ्यावर ठेवला. महिन्याच्या पहिल्या रविवारी खाली काढायचा, असं ठरवलं. जेवणाचं खातं वेगळं केलं. भात अर्धा, डाळ-उसळ दुप्पट, चहा बिनसाखरेचा, संध्याकाळी ऑफिसात येणारा समोसा बंद (हे सगळ्यांत कठीण गेलं, अजूनही जातं). आणि सकाळी नमस्कार. पहिल्या दिवशी पाच केले आणि गॅलरीतच बसून राहिले, कानात धडधड. आजी पंचवीस घालायची, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. नंतर बारावर आले आणि तिथेच राहिले. व्हिडिओ लावत नाही, गाणी लावत नाही, फोटो टाकत नाही. पंधरा मिनिटांत आटपतं.

मधे सुटतं का? सुटतं. गणपतीत नऊ दिवस सुटलं. ऑफिसच्या कामासाठी बंगळूरला गेले तेव्हा पूर्ण आठवडा. पूर्वी अशा आठवड्यानंतर मी ‘आता सोमवारपासून’ म्हणायचे आणि तो सोमवार पुढच्या जानेवारीत यायचा. आता मंगळवारी, बुधवारी, कुठल्याही वारी धरते. आरंभ करण्यात मी घराण्यानंच शूर आहे, तर तेच करावं म्हटलं. चौदा महिन्यांत असे अकरा आरंभ झाले, मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्यात.

वजन ७८चं ७१ झालं आणि गेले पाच महिने तिथेच बसलंय. एचबीए१सी ५.७. डॉक्टर ‘छान’ म्हणाले आणि लगेच ‘अजून पाच किलो’ म्हणाले. मागच्या महिन्यात मी औंधला जाऊन आले, सातारच्या. संग्रहालयात हेन्री मूरचं एक लहानसं शिल्प आहे, आई आणि मूल, ते खटावच्या माळावर कसं पोचलं ही वेगळीच कथा. मी ते बघायला गेले होते खरं, पण जास्त वेळ पायऱ्यांवर गेला. टेकडीच्या पायऱ्या न थांबता चढले, आणि वर जाऊन आईला व्हिडिओ कॉल केला. तिनं आधी विचारलं, जेवलीस का.

चिंचोके आजीचे नाहीत. तिच्या वाट्या आहेत, पण चिंचोके तिच्या मागे कुणीतरी टाकून दिले. आईनं गेल्या उन्हाळ्यात चिंच फोडताना बारा बाजूला काढून धुऊन ठेवले, न सांगता. तिच्या करंगळीची जखम भरली. ती आता जेवण झाल्यावर घरातल्या घरात, पॅसेजमधून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत, मऊ चप्पल घालून दहा मिनिटं चालते. मोजत नाही.

आज सकाळी सातव्याला कुकरची शिट्टी झाली, मग दारावर दूधवाला, मग ऑफिसचा फोन. मी आवरायला पळाले. संध्याकाळी आले तेव्हा वाट्या गॅलरीतून आत आणून टेबलावर ठेवलेल्या होत्या. एकीत सात, एकीत पाच. आई म्हणाली, “एकत्र नाही केले मी. हात लावला नाही.”